दहा मीटरवरचा अर्धा मिलिमीटर

पुढे वाचण्यापूर्वी एक छोटासा प्रयोग करा. खुर्चीवर बसा, उजवा गुडघा डाव्या गुडघ्यावर टाका आणि उजवा पाय अगदी सैल सोडा. आता पायाच्या अंगठ्याकडे टक लावून पाहा. तो स्थिर नाही. सेकंदाला एकदा, किंवा त्याहून जरा लवकर, तो किंचित उचलला जातो आणि पुन्हा खाली येतो. मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहा. पायाचा आणि नाडीचा ताल एकच आहे, असे तुमच्या लक्षात येईल. हृदय प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. त्या लाटेने गुडघ्यामागची धमनी फुगते आणि सगळा पाय हलतो. पायावर पाय टाकल्यामुळे हे हलणे तुम्हांला दिसले एवढेच. एरवीही डोक्यापासून पायापर्यंत आपले शरीर असेच हलत असते.

आता या सतत हलणाऱ्या शरीराच्या खांद्याला चार-पाच किलोची बंदूक लावायची आणि दहा मीटर अंतरावरच्या ठिपक्यावर नेम धरायचा. ठिपक्याचा व्यास किती? अर्धा मिलिमीटर! शिसपेन्सिलीला चांगले टोक काढून कागदावर हलकेच टेकवले तर उमटेल तेवढा. ही काही सर्कशीतली करामत नव्हे. गावोगावच्या नेमबाजी क्लबांत आठवी-नववीतली मुले आणि मुली शाळा सुटल्यावर याचाच सराव करतात. दहा मीटर एअर रायफल या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार ऑलिंपिक स्पर्धांतही आहे.

महाराष्ट्राला या खेळाचे चांगलेच वेड लागले आहे. मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतून नेमबाजीकडे वळल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात, म्हणजे पालथे झोपून मारण्याच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदकाचा मानकरी झाला. या खेळाची देशातली मुख्य संस्था, नॅशनल रायफल असोसिएशन, १९५१ साली स्थापन झाली तीही लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर यांच्या पुढाकाराने. आजही राष्ट्रीय स्पर्धेआधीच्या एका मोठ्या स्पर्धेला त्यांचे नाव आहे.

पण पदकांची यादी वर्तमानपत्रात तुम्ही वाचलेलीच असते. आपल्याला पाहायचे आहे ते वेगळेच. दहा मीटरच्या त्या हॉलमध्ये नेमके काय चालते? माझ्या मते तो हॉल म्हणजे एक प्रयोगशाळाच आहे, आणि तिथली गंमत अशी, की प्रयोग करणारा विद्यार्थी आणि ज्याच्यावर प्रयोग चालतो ते उपकरण, हे दोन्ही एकच असतात.

प्रथम लक्ष्याचा कागद पाहू. त्यावर एकात एक अशी दहा वर्तुळे असतात. सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा व्यास ४५.५ मि.मी., आणि आत जाताना प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या २.५ मि.मी.ने कमी होत जाते. मधला ठिपका दहा गुणांचा. छर्रा ४.५ मि.मी. व्यासाचा असतो आणि त्याची कड ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून २.२५ अधिक ०.२५, असा २.५ मि.मी.च्या आत हवा. मोठ्या स्पर्धांत एवढ्यानेही भागत नाही. त्या २.५ मि.मी.चेही दहा भाग करतात आणि दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण मोजतात. अगदी मध्यावर बसला तर १०.९. अभिनव बिंद्राने ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगला सुवर्णपदक मिळवले, तेव्हा शेवटच्या छर्ऱ्याआधी त्याची आणि फिनलंडच्या हेन्री हाक्किनेनची बरोबरी होती. बिंद्राचा शेवटचा छर्रा १०.८ चा होता, म्हणजे मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत. हाक्किनेनचा ९.७ चा गेला.

दहा मीटरवर २.५ मि.मी. म्हणजे किती कोन झाला? गुणोत्तर एकास चार हजार. रायफलीच्या मागच्या आणि पुढच्या साईटमध्ये साधारण ७० से.मी. अंतर धरा. त्याला ४००० ने भागा. उत्तर येते ०.१७५ मि.मी. याचा अर्थ, पुढची साईट तुमच्या वहीच्या दोन कागदांच्या जाडीइतकी जरी बाजूला सरकली, तरी दहाचे नऊ होतात!

आता क्लबात चला. पहिल्या दिवशी आपल्याला धडाधड छर्रे मारायला मिळतील अशी कल्पना करून जाणाऱ्याची निराशा ठरलेली. पहिले काही दिवस हातात बंदूकसुद्धा येत नाही. येतात ते नियम. बंदूक रिकामी असो वा भरलेली, नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडेच. नेम लागेपर्यंत बोट चापावर नाही. मारण्याच्या रेषेपुढे कोणी असेल तर बंदुकीला हातही लावायचा नाही. बंदूक खाली ठेवताना नळीत रंगीत दोरी घालून ठेवायची, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसते. ‘स्टॉप’ असा हुकूम आला, की वाक्य अर्धे सोडून थांबतात तसे सर्वांनी थांबायचे.

काही पालक आणि शिक्षक विचारतात, मुलांच्या हातात बंदूक द्यावीच कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला हसून सोडून देऊ नये. एअर रायफलीचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर. गतिज ऊर्जेचे सूत्र नववीत शिकवतातच. त्यात आकडे घाला. उत्तर सात-साडेसात ज्यूल येते. उंचीवरून पडणाऱ्या विटेपुढे ही ऊर्जा काहीच नाही. पण ती साडेचार मिलिमीटरच्या टोकावर एकवटलेली असते, म्हणून असा छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. घराच्या गच्चीवरून पाखरांवर किंवा डब्यांवर छर्रे मारणारा मुलगा आणि क्लबात शिकणारा मुलगा यांच्यात फरक आहे तो इथे. क्लबात चार जाणती माणसे आणि एक जाड भिंत असते, गच्चीवर यांपैकी काहीच नसते. ज्या क्लबात नियमांबाबत ढिलाई दिसेल, तिथे मुलांना पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे, मग तिथल्या भिंतीवर कितीही ढाली टांगलेल्या असोत.

नियम अंगवळणी पडले की उभे राहायला शिकवतात. तुम्ही म्हणाल, उभे राहायला काय शिकायचे? एक लिटर पाण्याची बाटली घ्या आणि हात सरळ पुढे करून धरा. मिनिटभरातच हात थरथरू लागेल. आता तीच बाटली कोपर दुमडून धरा आणि कोपर कमरेच्या हाडावर टेकवा. आता बराच वेळ धरता येते. पहिल्या वेळी भार स्नायूंनी पेलला होता, शिवाय खांद्यापासून अंतर जास्त म्हणून परिबलही मोठे होते. दुसऱ्या वेळी भार हाडांवरून सरळ खाली गेला. स्नायू दमतो, हाड दमत नाही. नेमबाज डावा कोपर कमरेवर टेकवतात आणि कंबर लक्ष्याकडे ढकलून पाठ थोडी मागे झुकवतात. चित्रात ही आकृती वेडीवाकडी दिसते खरी, परंतु माणूस आणि बंदूक मिळून झालेल्या एकाच पदार्थाचा गुरुत्वमध्य त्यामुळे दोन पावलांच्या मधोमध येतो.

तरीही स्थिरता येत नाहीच. शरीराच्या हलण्यात तीन वेगवेगळ्या लयी मिसळलेल्या असतात. सर्वांत सावकाश असतो तो सगळ्या शरीराचा डोल. घोट्यांवर उभा असलेला माणूस उलट्या लंबकासारखा असतो आणि मेंदू त्याला सारखा सावरत असतो. (पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहा आणि मित्राला बाजूने पाहायला सांगा. पडाल असे वाटले तर धरायलाही सांगा!) त्यावर हृदयाचा सेकंदाला एखादा धक्का. आणि त्याहीवर स्नायूंचा सूक्ष्म कंप, सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा. रायफल खांद्याला लावून साईटमधून पाहणाऱ्या नवख्या मुलाला ते काळे वर्तुळ कधी तरंगते, कधी नाचते, कधी चक्क पळून जाते असे दिसते. वर्तुळ बिचारे जागच्या जागी असते.

श्वासाचेही असेच. छाती वरखाली झाली की नळीही वरखाली होते. म्हणून अर्धा-पाऊण श्वास सोडून झाला, की तिथेच थोडे थांबायचे. श्वास सोडल्यावर पुढचा घेण्यापूर्वी एक नैसर्गिक विराम असतोच. तोच जरा लांबवायचा. या सात-आठ सेकंदांत छर्रा सुटला तर सुटला. नाही सुटला तर रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. नवख्यांना सर्वांत जड जाते ते हेच. हात थकतो आहे, डोळ्याला धूसर दिसू लागले आहे, पण ‘आता एवढा धरलाच आहे तर मारून टाकू’ असा मोह होतो आणि छर्रा जातो सातवर.

हृदयाला मात्र थांबायला सांगता येत नाही. स्पर्धेच्या दिवशी तर त्याची घाई वाढते. मिनिटाला ७० ठोके असताना दोन ठोक्यांत साधारण ०.८६ सेकंदाचे अंतर असते. तेच १२० झाले की अर्ध्या सेकंदावर येते, आणि शांत क्षण तेवढाच आखूड होतो. अनुभवी नेमबाज दोन ठोक्यांच्या मधला क्षण नकळत साधतात असे काही संशोधकांना आढळले, तर काहींना तसे आढळले नाही. यावर चोरवाट शोधणारेही असतातच. हृदयाचे ठोके आणि हातांचा कंप कमी करणारी ‘बीटा ब्लॉकर’ नावाची औषधे रक्तदाबाच्या रुग्णांना देतात. नेमबाजीत ती निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा किम जोंग सू याच्या तपासणीत असले औषध सापडले आणि त्याची दोन्ही पदके काढून घेतली गेली.

आता डोळ्याकडे वळू. एका पोस्टकार्डाला टाचणीने बारीक भोक पाडा. हा लेख डोळ्यापासून आठ-दहा से.मी.वर धरा, अक्षरे पुसट दिसतील. मध्ये ते भोक डोळ्याला लावून पाहा. अक्षरे चांगली रेखीव झाली, फक्त अंधुक झाली. बारीक भोकातून प्रत्येक बिंदूपासूनचे अगदी थोडे किरण डोळ्यात शिरतात, त्यामुळे ते पसरून धूसर चकती होत नाही. रायफलीची मागची साईट म्हणजे असेच एक भोक. क्लबात तिला ‘पीप साईट’ म्हणतात. नुसत्या डोळ्याला ७० से.मी.वरची पुढची साईट आणि दहा मीटरवरचे लक्ष्य ही दोन्ही एकाच वेळी स्पष्ट पाहता येत नाहीत. पीप साईटमुळे हे पुष्कळसे जमते. त्यातूनही निवड करायची झाली तर पुढची साईट रेखीव दिसू द्यावी, लक्ष्य थोडे पुसट झाले तरी चालेल असे शिकवतात. भोकामुळे प्रकाश कमी होतो, त्याची भरपाई लक्ष्यावर झगझगीत दिवे लावून करतात. हॉलमध्ये साधा उजेड असतो आणि पलीकडच्या टोकाला लक्ष्ये लखलखत असतात, त्याचे कारण हे.

रायफलीचे पोट उघडून पाहिले तर दारूगोळा कुठेच नाही. नळीखाली एक नळकांडे असते, त्यात वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाची हवा. चाप ओढला की झडप क्षणभर उघडते आणि मोजकी हवा छर्ऱ्यामागे सुटते. छर्रा शिशाचा आणि आकाराने डमरूसारखा, कमरेत बारीक. त्याचा मागचा पोकळ घेर हवेच्या दाबाने फुगून नळीच्या आतल्या पेचदार खाचांत घट्ट बसतो आणि छर्रा भोवऱ्यासारखा फिरत बाहेर पडतो. फिरणारा भोवरा कलंडत नाही, तसाच हाही.

आता एक गणित. वेग सेकंदाला १७० मीटर, अंतर दहा मीटर. वेळ लागला ०.०५९ सेकंद. एवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने छर्रा किती खाली येईल? अर्धा गुणिले ९.८ गुणिले वेळेचा वर्ग. उत्तर सुमारे १७ मि.मी. म्हणजे सरळ रेषेत मारलेला छर्रा जवळजवळ सात वर्तुळे खाली लागेल! म्हणून साईट अशी बसवतात की नळी किंचित वर पाहते. इथपर्यंत ठीक. पण एखादा छर्रा १६५ च्या वेगाने गेला तर? तो १८ मि.मी. खाली येईल, म्हणजे इतरांपेक्षा एक मिलिमीटर जास्त, आणि चार दशांश गुण गेले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचे एअर पिस्तुलाचे रौप्यपदक ०.१ गुणाने हुकले होते, हे आठवा. म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज छर्ऱ्यांचे डबे चाचणी घेऊन निवडतात.

आणखी एक आकडा मनात ठेवण्यासारखा. ‘आता नेम बरोबर आहे’ हे डोळ्याने पाहिल्यापासून बोट हलेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातात. तेवढ्यात नेम सरकलेला असतो. त्यामुळे ‘बरोबर दिसले की ओढा’ ही पद्धत चालत नाही. चाप थोडा थोडा दाबत राहायचा, आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसेच स्थिर राहायचे, कारण छर्ऱ्याला नळीतून बाहेर पडायलाही काही सहस्रांश सेकंद लागतात.

या सगळ्याचा हिशेब शेवटी लक्ष्यावर उमटतो, आणि तो वाचायला शिकणे हा मला या खेळातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. समजा, दोन मुलींनी पाच-पाच छर्रे मारले. पहिलीचे पाचही छर्रे सातवर, सगळे डाव्या बाजूला खाली, एकमेकांना खेटून. बेरीज ३५. दुसरीचे १०, ६, ९, ७ आणि ८, चारी दिशांना विखुरलेले. बेरीज ४०. चांगली नेमबाज कोणती? तुम्ही म्हणाल, दुसरी. प्रशिक्षक मात्र पहिलीकडे पाहून खूश होतील. तिचा पुंजका बांधीव आहे, ज्याला क्लबात ‘ग्रुप’ म्हणतात. साईटचा स्क्रू काही खटके फिरवला, की तोच पुंजका सरकून मध्यावर येईल आणि ३५ चे ५० होतील. दुसरीच्या छर्ऱ्यांचा सरासरी मध्य कदाचित आत्ताही लक्ष्याच्या मध्यावरच असेल, पण साईट कितीही फिरवून तिचा विखार कमी होणार नाही. तिला उभे राहणे, श्वास, चाप यांत कुठे गडबड होते ते शोधावे लागेल.

चुका दोन जातींच्या असतात. एक जात सर्व मोजमापांना एकाच बाजूला ओढते. दुसरी जात प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूला ढकलते. प्रयोगशाळेतला काटा शून्यावर नसलेला ताणकाटा पहिल्या जातीची चूक करतो, आणि घाईने वाचन घेणारा विद्यार्थी दुसऱ्या जातीची. दोहोंवरचे औषध वेगळे. म्हणूनच क्लबात एक सक्त सूचना असते: एका छर्ऱ्यावरून साईट फिरवू नका. एक छर्रा आठवर गेला म्हणून साईट फिरवली, पुढचा दुसऱ्या बाजूला गेला म्हणून उलटी फिरवली, तर तुम्ही स्वतःचा विखार स्वतःच वाढवत जाल. आधी पाच-दहा छर्रे पडू द्या, त्यांचा मध्य शोधा, मग हात लावा.

दुसरी सवय ‘कॉल’ची. छर्रा सुटला, की पडद्याकडे पाहण्याआधी तो कुठे गेला असेल ते मनाशी सांगायचे: ‘नऊ, उजवीकडे’. मग पाहायचे. अंदाज आणि निकाल जुळले, तर आपली चूक आपल्याला दिसते आहे. जुळले नाहीत, तर एकतर साईट हलली आहे किंवा चाप ओढताना आपण डोळा मिटला. हे सारे वहीत लिहायचे. क्लबातल्या नेमबाजांच्या वह्यांत तारीख, छर्ऱ्यांचा डबा, साईटचे खटके, झोप किती झाली, अशा बारीकसारीक नोंदी असतात. प्रयोगवही हुबेहूब निकालावरून मागाहून भरणाऱ्यांना या वह्या दाखवायला हव्यात!

निकाल सांगणारा पडदाही मोठा चतुर. पूर्वी कागदी लक्ष्य दोरी-कप्पीने ओढून घेत आणि भोके डोळ्यांनी किंवा मापकाने तपासत. आता काही इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांच्या कोपऱ्यांत सूक्ष्म ध्वनिग्राहक बसवलेले असतात. छर्रा आदळला की आवाज सर्व कोपऱ्यांत एकाच वेळी पोचत नाही. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे एक मिलिमीटर जायला त्याला सेकंदाचे साधारण तीन दशलक्षांश लागतात. या फरकांवरून संगणक छर्ऱ्याची जागा काढतो. दुसऱ्या काही लक्ष्यांत प्रकाशकिरणांची जाळी हेच काम करते.

ताकदीचा भाग यात कमी असल्याने मुलगे आणि मुली एकाच रेषेवर शेजारी शेजारी उभे राहू शकतात. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत स्त्री-पुरुष एकत्रच होते. अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक आणि लॅनी बॅशम या दोघांचेही ११६२ गुण झाले. नियमाप्रमाणे सुवर्णपदक बॅशमला मिळाले. पण राष्ट्रगीताच्या वेळी त्याने मर्डॉकना हात धरून आपल्या पायरीवर वर घेतले.

अडचण ताकदीची नसते, पैशाची असते. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी रायफल काही लाख रुपयांना पडते. जाड कॅनव्हासचे जाकीट, बूट, छर्रे, सगळेच महाग. नोकरदाराच्या किंवा शेतकऱ्याच्या घरात हा खर्च झेपणे कठीण. इथे क्लबाची सामाईक रायफल कामी येते. एकाच रायफलीवर चार-पाच मुले पाळीपाळीने सराव करतात. प्रत्येकाने आपल्या मापाप्रमाणे दस्ता लांब-आखूड करायचा, खुणेचे आकडे वहीत पाहून लावायचे, आणि जाताना रायफल पुसून पुढच्याच्या हाती द्यायची. पाळी नसेल तेव्हा छर्ऱ्याविना नुसता नेम धरण्याचा ‘ड्राय’ सराव चालतो. त्याला खर्च काहीच नाही, आणि जाणकार त्याला फार महत्त्व देतात. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी अशा सामाईक रायफली आणखी हव्यात. नाहीतर ज्याच्या घरी लाखाची सोय आहे त्याचाच हात स्थिर, असे व्हायचे.

एक धोका मात्र पुष्कळ ठिकाणी दुर्लक्षित राहतो. छर्रा शिशाचा असतो आणि शिसे विषारी आहे. ते शरीरात थोडे थोडे साठत जाते आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूला त्याचा अधिक त्रास होतो. छर्रे हाताळल्यावर बोटांवर काळपट थर दिसतो, तो शिशाचाच. म्हणून छर्रे तोंडात धरायचे नाहीत, रेंजवर डबा उघडून खायचे नाही, आणि घरी जाण्यापूर्वी साबणाने हात धुवायचेच. लक्ष्यामागची धूळ झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. क्लब पाहायला जाल तेव्हा हात धुण्याची जागा आणि तिथे साबण आहे का, ते आधी पाहा.

ज्यांच्या गावात क्लब नाही त्यांनी आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी एक प्रयोग वर्गातच करावा. को­ऱ्या कागदावर मधोमध फुली काढा. पेन्सिल धरून कोपर टेबलावरून उचला, फुलीकडे पाहा, डोळे मिटा, हात वर नेऊन खाली आणा आणि ठिपका उमटवा. असे दहा वेळा करा. मध्ये कागद पाहायचा नाही. नंतर पट्टीने प्रत्येक ठिपक्याचे फुलीपासूनचे आडवे आणि उभे अंतर मोजा (डावीकडचे व खालचे ऋण धरा) आणि सरासरी काढा. हा झाला तुमच्या पुंजक्याचा मध्य. मग त्या मध्यापासून प्रत्येक ठिपका किती दूर आहे ते मोजून त्याची सरासरी काढा. हा झाला विखार. तेच डाव्या हाताने करा, जिना धावत चढून आल्यावर पुन्हा करा, आणि फळ्यावर साऱ्या वर्गाचे आकडे मांडा. सर्वांत लहान पुंजका कोणाचा आणि कोणाचा मध्य फुलीच्या सर्वांत जवळ, ही दोन नावे वेगळी निघण्याची शक्यता बरीच आहे.